पहिल्या फुलाचा निवाडा

त्या रविवारी घरात विशेष असं काहीच घडलं नाही. दूध उतू गेलं, त्याचा दोष आईने बाबांना दिला आणि बाबांनी शेगडीला. मागच्या नळाला पाणी करंगळीएवढं येत होतं. धाकटा सकाळीच येतो म्हणाला होता, म्हणजे तो दुपारी उगवणार हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. आणि खिडकीशी ठेवलेल्या ट्रेमध्ये वाढलेली डेलियाची रोपं मागच्या अंगणातल्या वाफ्यात लावायची होती. हे काम दर वर्षी याच सुमाराला निघे, तेव्हा त्यातही नवं काही नव्हतं.

बाबा लिफ्ट दुरुस्त करत. जुन्या इमारतींच्या माथ्यावरच्या यंत्रखोल्यांत गुडघे टेकून बसायची त्यांना इतकी सवय झाली होती, की वाफ्याशी बसले तरी ते एखादं यंत्र उघडून बसल्यासारखे दिसत. रोपाच्या मुळांखाली दोन बोटं घालायची, अलगद उचलायचं, खड्ड्यात ठेवून माती दाबायची. काठी मात्र त्याच्याही आधी रोवलेली. "झाड मोठं झाल्यावर काठी ठोकाल तर नेमकी कंदात खुपसाल," हे ते दर वर्षी एकदा तरी सांगत, आणि दर वर्षी आई म्हणे, "कळलं हो. आम्ही काय आज जन्मलो?"

डेलिया लावणारी माणसं पुष्कळ असतात, पण बहुतेक जण कंद लावतात. कंदातून गेल्या वर्षीचंच फूल पुन्हा येतं, तोच रंग, तीच घडण. जिवाला घोर नाही. या घराला मात्र बियांचं खूळ होतं. बी पेरलं की काय उगवेल ते सांगता येत नाही. भरगच्च लाल फुलाच्या बोंडातलं बी लावावं, तर त्यातून फिकट जांभळं, विरळ पाकळ्यांचं, ओळख न दाखवणारं काहीतरी निघतं. किंवा आजवर कुणी पाहिलं नाही असं फूल निघतं. "आई कोण ते आपल्याला ठाऊक, बाप कोण ते मधमाशीला विचारा," असं बाबा म्हणत. आईला हा विनोद पाहुण्यांसमोर आवडत नसे, म्हणून ते तो पाहुण्यांसमोरच करत.

बियांच्या रोपांत टाकाऊ माल फार. एखादं मान टाकतं, एखादं पानांत तोंड लपवून फुलतं, एखाद्याचा रंग असा, की आपलीच नजर धुवून घ्यावी वाटते. सगळी ठेवली तर चांगल्यांना जागा उरत नाही. म्हणून निवाडा.

निवाड्याची पद्धत बाबांनी मुलं लहान असताना घालून दिली होती. झाडावरचं पहिलं फूल पुरतं उमललं, की रविवारी सकाळी घरातल्या सगळ्यांनी त्याच्यासमोर उभं राहायचं आणि एकेकाने मोठ्याने सांगायचं, ठेवा किंवा काढा. मान हलवून भागत नसे. सोबत कारण द्यायचं; कारण नाही तर मत बाद. सगळ्यात लहान तो आधी बोलणार, म्हणजे मोठ्यांची री ओढायला वाव नको. धाकटा, मग थोरली, मग आई, आणि शेवटी बाबा. दोन्हीकडे सारखी मतं पडली तर बाबांचं खरं. 'काढा' ठरलं, की झाड तिथल्या तिथे, सगळ्यांच्या देखत उपटायचं. मागाहून, कुणी नसताना, गुपचूप कधीच नाही. "आपल्या हाताने लावलंय ना, मग आपल्या तोंडाने सांगून काढायचं," हे बाबांचं म्हणणं.

धाकटा टायरच्या दुकानात कामाला होता आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायचा. खणायला, पाणी घालायला त्याला कधी सवड मिळाली नाही. निवाड्याला मात्र हजर. म्हणून घरात त्याचं नाव 'सरकार' पडलं होतं. आई घरी बसून लोकांचे कपडे दुरुस्त करून द्यायची, कुठे उंची कमी कर, कुठे शिवण सोड. दुसऱ्याची चूक उसवण्यात हयात गेलेली, तेव्हा तिच्या नजरेतून काही सुटत नसे. "हा रंग? तापातल्या माणसाच्या जिभेसारखा. काढा." "देठ बघा कसा वाकलाय, हुंड्याचं बोलणं चालू असल्यासारखा. काढा."

आणि थोरली. तिने जन्मात एकदाही 'काढा' म्हटलं नव्हतं. प्रत्येक झाडात तिला काहीतरी सापडे. पानं काळसर आहेत, ठेवा. कळी छान आहे, ठेवा. उशिरा का होईना फुललं तर खरं, ठेवा. धाकटा तिला 'ठेवाताई' म्हणे. तिच्या मताने कधी काही अडलं नाही, कारण जे काढायचं ते बाकीचे तिघं मिळून काढतच होते. तिचा दयाळूपणा त्यांच्या जिवावर चालला होता.

ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. समोर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांवरच्या काचा बदलत दिवसभर विचारायचं, हे स्पष्ट दिसतं की ते? पहिलं की दुसरं? येता-जाता बसमध्ये ती वाचे, जेवताना वाचे, एकदा तर वाफ्याला पाणी सोडून वाचत बसली आणि पाणी शेजाऱ्यांच्या दारापर्यंत गेलं. "वाचून वाचून हिला सगळ्यांचंच पटायला लागलंय," आई म्हणे.

त्या रविवारी वाफ्यात शेवटची एक जागा उरली आणि ट्रेमध्ये दोन रोपं. बाबांनी दोन्ही तिच्यापुढे धरली.

"मॅडम, पहिलं की दुसरं?"

"दोन्ही बरी आहेत की."

"ते मलाही दिसतंय. जागा एक आहे."

"एक कुंडीत लावू."

"कुंड्या संपल्या."

"मग डब्यात."

"अगं, तुझं गिऱ्हाईक असं वागलं तर काय करतेस तू? दोन्ही काचा छान आहेत म्हणालं तर?"

"पुन्हा विचारते."

"बरं, मी पुन्हा विचारतो. पहिलं की दुसरं?"

ती हसली आणि हात धुवायला नळाशी गेली. परत आली तेव्हा जागा भरलेली होती आणि बाबा गुडघ्यांवरची माती झटकत होते. कुठलं लावलं ते तिने विचारलं नाही.

"उद्या तुझ्या हातात हे अंगण दिलं तर जंगल होईल, मॅडम," ते म्हणाले.

तेवढ्यात धाकटा आला. वाफा पाहून म्हणाला, "झालंसुद्धा? अरेरे, मी खास मदतीला आलो होतो."

"या, सरकार," आई म्हणाली. "खणून झालं, लावून झालं. आता पाहणी करा आणि जेवा."

सगळे जेवले. बाबांनी दुपारी गुडघ्याला मलम चोळलं. संध्याकाळी आईने कुणाचासा कोट इस्त्री केला, आणि दिवस संपला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर निघताना बाबा मागच्या दाराशी पालथ्या क्रेटवर बूट घालायला बसले. एक बूट घातला. दुसरा हातात होता. आईला आतून दिसत होते ते. तिला वाटलं, लेसची गाठ सोडवताहेत.

मग लोक आले, बसले, गेले. बाबांच्या जोडीने काम करणारा मेकॅनिक उठता उठता म्हणाला, "वहिनी, आयुष्यभर माणसांना वर नेलं, खाली आणलं. स्वतः गेला तो मात्र खालचं बटण न दाबताच." सगळे दचकले. आई हसली. त्या दिवसांत ती तेवढी एकदाच हसली, आणि मग हसता हसता तिला सावरायला थोरलीला तिच्याजवळ जाऊन बसावं लागलं.

रोपांना यातलं काही कळलं नव्हतं, ती वाढत होती. शेंडे खुडायची वेळ झाली तेव्हा थोरलीने खुडले, कारण खुडलं नाही तर डेलिया काठीसारखा सरळ वर जातो आणि फुटवे धरत नाही. फांद्या सुतळीने काठ्यांना बांधल्या. दुकानातून आलं, की पुस्तक उघडण्याआधी वाफ्याशी एक फेरी. दुःख कुठे ठेवायचं हा प्रश्न तिने बाजूला ठेवला होता. पाणी किती घालायचं एवढंच ती ठरवत होती.

पहिलं फूल उमललं त्या रविवारी धाकटा वेळेवर आला, तेच मुळात अंगावर काटा आणणारं होतं. तिघं झाडासमोर उभे राहिले. फूल मळकट गुलाबी, विरळ, मागे झुकलेलं.

"काढा," धाकटा म्हणाला. "धुऊन विटलेल्या फडक्याचा रंग आहे."

"ठेवा," थोरली म्हणाली. "देठ ताठ आहे."

आईवर आलं. आता ती काय म्हणणार ते दोघांनाही पाठ होतं. फडकं हा शब्द तिला सौम्य वाटला असता.

"ठेवा," आई म्हणाली.

"कारण?" धाकट्याने सवयीने विचारलं.

"त्यांनी लावलंय."

कारण बिनतोड होतं आणि वाफ्यातल्या एकूण एक झाडाला लागू पडत होतं.

त्यानंतर दर रविवारी तेच. मान टाकलेलं, ठेवा. अर्धं उमलून सडलेलं, ठेवा. धाकटा पुढेपुढे बोलण्याआधी आईकडे पाहायला लागला, आणि मग तोही 'ठेवा' म्हणू लागला. वाफ्यात फांद्या फांद्यांत अडकल्या. आत हात घालायला जागा नाही, वारा फिरायला जागा नाही. खालच्या पानांवर मावा बसायला लागला, बारीक हिरवे किडे, देठाला चिकटून रस शोषणारे. थोरली साबणाचं पाणी मारायची आणि मनातल्या मनात म्हणायची, यातली निम्मी झाडं जायला हवीत. मोठ्याने ती काही बोलली नाही.

मग ते झाड फुललं.

वाफ्याच्या मधोमध होतं. कोऱ्या चहाचा रंग, पाकळ्यांची पाठ मात्र गडद, जवळजवळ काळसर लाल, आणि प्रत्येक पाकळी कडेने आत वळलेली, कागदाची पुंगळी करावी तशी. फूल भरगच्च, मधला पिवळा डोळा कुठे दिसेना. देठावर असं उभं, जणू कुणी बोलवायला आलंय. एवढ्या वर्षांत त्या अंगणात असं फूल आलं नव्हतं.

"हा पहिल्या नंबरचा माल आहे," धाकटा म्हणाला, आणि त्याचा आवाज जरा फाटला. "ठेवा. कारण विचारू नका, डोळे आहेत ना?"

त्या निवाड्यात तिघांचं खरोखर एकमत होतं. आईने शिवणाची खुर्ची उचलून मागच्या अंगणात आणली आणि त्या झाडाशेजारी मांडली. बटणं लावायची, दोरे काढायची कामं ती आता तिथेच करू लागली.

"ह्याला त्यांचं नाव द्यायचं," एक दिवस ती म्हणाली.

"बाबा तिसऱ्या वर्षाशिवाय नाव देत नसत," धाकटा म्हणाला. "पुढच्या वर्षी कंदातून तसंच येतं की नाही ते बघूनच—"

"तिसऱ्या वर्षी कोण असतं, कोण नसतं, ते बघितलंस ना?"

नाव ठरलं.

पानांवरचा पिवळेपणा थोरलीला पहिल्यांदा दिसला तो दुकानातून येऊन पाण्याची झारी उचलताना. एकच पान होतं. तिने ते उन्हाकडे धरलं आणि पर्समधलं भिंग काढलं. बाबांनी शिकवलेली खूण साधी होती. शिरा हिरव्या आणि मधली जागा पिवळी, तर झाड उपाशी आहे, खत द्या. शिरांच्या कडेकडेनेच पिवळं चढत असेल, आणि पान चुरगळल्यासारखं दिसत असेल, तर तो मोझॅक, विषाणूचा रोग. त्याला औषध नाही. तो झाडाच्या रसात असतो, कंदात उतरतो, आणि मावा एका झाडाचा रस पिऊन दुसऱ्यावर बसला की तिथे पोहोचतो.

पान शिरांच्या कडेने पिवळं होतं.

तिने खत दिलं. दिसत असूनही दिलं. माणसं नाही का, नवा नंबर निघाला तरी जुन्याच चष्म्याने वाचता येतंय का ते आधी बघतात. खताने काय होणार? नवी पानं आली ती आखूड, वळलेली. फुलं मात्र येतच होती, एकाहून एक.

वाफ्याला लागूनच जुन्या कंदांचा वाफा होता. वर्षानुवर्षं निवडून, जपून ठेवलेली, बाबांच्या 'ठेवा'तून पार झालेली झाडं. दर थंडीत कंद काढायचे, भुशात घालून कोरड्या खोलीत ठेवायचे, पुढच्या वर्षी पुन्हा लावायचे. हे घर ज्याला बाग म्हणे ती हीच. मावा तिथे जायला कितीसा वेळ?

थोरलीला आणखी एक गोष्ट कळेना. रोग चढत होता, पण पिवळी पानं दिसायला हवीत तेवढी दिसत नव्हती. ती वाकून बघायला लागली. खालचा खोडाचा भाग उघडा होता. पानं गळली असती तर देठाची खूण वेडीवाकडी राहिली असती. इथे प्रत्येक पान सफाईने, तिरकं कापलेलं होतं.

तेवढ्यात आई बाहेर आली. पदरात दोरे, हातात दोरे कापायची लहान कात्री. सवयीने तिने जुन्या वाफ्यातलं एक पांढरं फूल फुलदाणीसाठी कापलं, मग खुर्चीवर बसली आणि मान न वळवता, शिवणीतला धागा कापावा तितक्या सहज, शेजारच्या झाडाचं एक पान कापून पदराच्या आत सरकवलं.

म्हणजे तिला माहीत होतं. पहिल्यापासून माहीत होतं. रोगट झाड कापल्यावर त्याचा रस दुसऱ्याला लागू नये म्हणून बाबा चाकू स्पिरिटने पुसत तेव्हा बाटली धरून उभी असायची ती हीच. आणि आता ज्या कात्रीने ती आजारी पानं कापून लपवत होती त्याच कात्रीने जुन्या वाफ्यातली फुलं कापत होती.

"आई," थोरली म्हणाली.

"काय गं?"

"काही नाही. कात्री दे, धार लावून आणते."

कात्री तिने स्पिरिटमध्ये बुडवून ठेवली आणि आईला सांगितलं, धार लावणारा सुट्टीवर आहे. मग धाकट्याला फोन केला.

"मोझॅकच?" त्याने विचारलं. "नक्की? तुला तर कसलंच नक्की वाटत नाही."

"नक्की."

पलीकडे दुकानात कुणीतरी चाकाचे नट सोडवत होतं, त्याचा आवाज येत राहिला. "शेजारच्याला?"

"शेजारच्या एकाला सुरुवात आहे. जुना वाफा अजून सुटलाय. अजून."

"मग विचारायचंय काय त्यात? आई कपडे द्यायला जाते ना बुधवारी, तेव्हा येतो. उपटून गोणीत भरतो. सांगू, वाऱ्याने मोडलं. नाहीतर मांजराने."

"मांजराने एवढं झाड मोडलं?"

"मोठं मांजर होतं म्हणू."

ती 'येऊ नकोस' म्हणाली नाही. बुधवारी तिला दुकानाची सुट्टी असे. धाकटा आला, हातात फावडं, खांद्यावर गोणी, चोरासारखा मागच्या फाटकातून. झाडाशी गेला, फावडं टेकलं. फुलं होती त्यावर, उन्हात काळसर लाल कडा घेऊन उभी. त्याने पाय फावड्यावर ठेवला आणि तिच्याकडे पाहिलं.

"थांब," थोरली म्हणाली.

"आता काय?"

"असं नको. ती आल्यावर खुर्चीवर बसेल आणि शेजारी खड्डा असेल. मग आपण तिला मांजराची गोष्ट सांगायची. आणि तिला खरं ठाऊक असताना तिनेही ती ऐकून घ्यायची. तिने आधीच एक माणूस असा न सांगता जाताना बघितलाय."

"ताई, तू तिला सांगणार आहेस? तू?" त्याने फावडं मातीतून काढलं. "तुझ्याच्याने हॉटेलात चहा की कॉफी सांगवत नाही."

"रविवारी निवाडा करू. पद्धतीप्रमाणे."

"आणि तिने 'ठेवा' म्हटलं तर?"

"तू तर आहेस ना. तू 'काढा' म्हण, बाबांसारखं कारण दे. मग बघू." हे बोलताना आपण काय करतोय ते तिला कळत होतं. वर्षानुवर्षं जे चाललं तेच. तिने पानं पाहायची आणि काढायचं काम दुसऱ्याने करायचं.

"बरं. मी सांगतो," धाकटा म्हणाला. "मला काय भीती आहे का?"

रविवारी ऊन स्वच्छ होतं. चहा झाला. थोरलीने कप विसळले आणि आईला म्हणाली, "आई, निवाडा आहे."

"कुणाचा? नवीन काही फुललं नाहीये."

"त्या मधल्या झाडाचा."

"त्याचा झालाय." आईने हातातलं फडकं खुंटीला लावलं. "तिघांनी ठेवा म्हटलंय. नावही दिलंय."

"पुन्हा करायचाय."

आई बाहेर आली, आणि खुर्चीवर न बसता झाडासमोर उभी राहिली, हेच थोरलीला पुष्कळ वाटलं. बाबांची पद्धत मोडायला ती तयार नव्हती. ती पद्धत म्हणजेच बाबा, असं तिला वाटत असावं.

"बोला," आई म्हणाली. "पण आधी माझं ऐका. फुलं बघा. आजारी झाड असं फुलतं का? थोडी पानं पिवळी होतात, ह्या दिवसांत होतातच. थंडीत कंद काढू, वेगळा ठेवू. पुढच्या वर्षी जोम धरेल."

"रोग कंदात उतरतो, आई," थोरली म्हणाली. "पुढच्या वर्षी ते आजारीच उगवेल."

"मग बी घेऊ. बोंडं धरलीत दोन. ती पिकू देत."

"पिकायला वेळ आहे. तोवर मावा थांबेल का? आणि बियातून हे फूल पुन्हा येणार नाही. बाप कोण ते..." ती थांबली.

"मधमाशीला विचारा," आईने वाक्य पुरं केलं. कोरड्या डोळ्यांनी. "म्हणजे हे परत यायचं नाही. काढलं की गेलं. तेच सांगतेय मी. बोल रे, तू लहान. तुझं मत."

धाकट्याने घसा साफ केला. त्याने येताना वाटेत पाठ केलेलं असणार, कारण पहिला शब्द ओठांवर दिसत होता. मग त्याने आईकडे पाहिलं. आईने हात पोटाशी बांधले होते, घट्ट, जणू तिथून काही निसटेल. अंगात बाबांचा जुना स्वेटर होता, कोपरावर तिनेच रफू केलेला.

"म्हणजे..." धाकटा म्हणाला. "तसं बघितलं तर... फूल तर चांगलंच आहे ना. बघू अजून काही दिवस. ठेवा." आणि जमिनीकडे बघत त्याने घाईघाईने कारण जोडलं, "रंग चांगला आहे."

आईने पोटाशी बांधलेले हात सोडले.

थोरलीला त्याचा राग आला नाही. उलट तो तिला एकदम लहान दिसला, टायरची काजळी नखांत असलेला, डोळे भरलेला. आता तिच्यावर आलं होतं. तिने 'ठेवा' म्हटलं, तर आईला बोलायचीही गरज नव्हती. शेवटचं मत द्यायला आता कुणी नव्हतं. तिच्याऐवजी काढणारे ते तिघं आता उरले नव्हते. ती जुनी, ओळखीची ओढ जागी झाली. काहीतरी सापडेल. फुलाचा रंग आहे. देठ आहे. बाबांनी लावलंय. शोधायला गेलं तर कारणांना तोटा नव्हता.

जुन्या वाफ्यात पांढरं फूल जिथून कापलं होतं तिथे नवा फुटवा निघाला होता. तिने तो सकाळीच भिंगाने पाहिला होता. हिरवा, स्वच्छ. निदान आज तरी.

"बोल गं," आई म्हणाली. आवाज जवळजवळ मायेचा होता. उत्तर तिला ठाऊकच होतं. "तुझं काय?"

"काढा," थोरली म्हणाली.

शब्द तिला वाटलं होतं त्याहून मोठ्याने बाहेर पडला. धाकट्याने मान वर केली. आई हलली नाही.

"मोझॅक आहे. शिरांच्या कडेने पिवळं चढलंय. तू पानं कापलीस तरी नव्या पानांत तेच आहे, मी रोज बघतेय. डावीकडच्या झाडालाही लागलंय, तेही काढायला हवं. जुना वाफा अजून धड आहे, तो मला ठेवायचाय. बाबांनी काय केलं असतं ते मला माहीत नाही, आई, आणि ते विचारायला ते नाहीत. मला जे दिसतंय ते सांगतेय. हे झाड काढायचं. आज, आत्ता, तुझ्या समोर. मत दोन-एक पडलं तरी मी काढणार आहे, माझ्या हाताने."